उकंडरावच्या वावरातलं जहाज

आसेगावात नानाजीच्या गणेशला कोणी फौजी म्हणे, कोणी नेव्हीवाला म्हणे, आणि ज्याला ही दोन्ही नावं पटत नसत तो तेलवाला म्हणे. रंगूबाईला, म्हणजे गणेशच्या आईला, यातलं एकही नाव आवडत नव्हतं. पण मग खरं नाव काय, असं कोणी विचारलं की तिलाही नीट सांगता येत नसे. पंचाईत ती होती.

गणेश जहाजावर होता एवढं पक्कं. जहाज एका खाजगी कंपनीचं होतं. त्यावरची माणसं साधी, पगारी, बिनवर्दीची. पण ते जहाज नौदलानं भाड्यानं घेतलं होतं. त्याच्या पोटात तेल, पिण्याचं पाणी, पिठाची पोती, कांदे-बटाटे, आणि काम एकच: युद्धनौका समुद्रात जिथं असतील तिथं हे सगळं नेऊन पोचवायचं, म्हणजे त्यांना तेलासाठी मोहीम सोडून बंदरात परतावं लागू नये. गणेश त्या जहाजावर सारंग होता, म्हणजे खलाशांचा मुकादम. तो नवीन नवीन सारंग झाला तेव्हा त्याच्या फोनमध्ये मागून कोणीतरी ओरडलं, "ओ सारंग, चाय पी लो!" तर रंगूबाईनं आठवडाभर नवऱ्याचं डोकं खाल्लं.

"बारसं मी केलं, गावभर घुगऱ्या वाटल्या, अन् हा तिकडं नाव बदलून बसला! काहून, गणेश काय वाईट नाव हाय?"

मग लढाई आली. आखाताच्या तोंडाशी दोन देशांची जुंपली आणि येणाऱ्या-जाणाऱ्या मालाच्या जहाजांवर आकाशातून ड्रोन पडू लागले. आपली जहाजं राखायला नौदलाच्या युद्धनौका तिकडे गेल्या, आणि त्यांच्या मागोमाग गणेशचं तेलाचं जहाजही गेलं. नानाजी बाजाराच्या दिवशी शेलूबाजारला गेला की चहाच्या टपरीवर सांगे, "आमचा गणेश लढाईत हाय." तो घरी परतेपर्यंत मागे टपरीवर गणेशनं एखादं विमान पाडलेलं असे. नानाजी काही ते पाडू नका असं म्हणत नसे.

रंगूबाई मात्र टीव्हीसमोर बसून बातम्या देणाऱ्याशी भांडायची. "हळू बोल ना रे बावा! लढाई तथी हाय, तू इथी कायले वरडून राह्यला?" जहाजावर फोन बंद ठेवायचा हुकूम होता, त्यामुळे पोराचा आवाज यायचा तोही बंद झाला. त्या दिवसांत तिच्या हातचं वरण खारट व्हायचं आणि नानाजी ते न बोलता खायचा. नानाजीनं न बोलता खाल्लं की ती आणखी चिडायची. मंगरूळपीरला जाऊन तिनं दर्ग्यात चादर बोलली, घरी येऊन मारोतीला नारळ बोलला, आणि दोघांनाही बजावलं की एकमेकांवर सोडून बसू नका.

जानेवारीत गणेश घरी आला. काळा पडला होता, पण पोट सुटलं होतं. ते पोट पाहून रंगूबाईचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच, परक्याच्या हातचं खाऊन पोरगं इतकं कसं फुगलं, याचा तिला रागही आला.

सव्वीस जानेवारी जवळ आली होती. ग्रामपंचायतीनं ठरवलं की झेंडावंदनानंतर गणेशचा सत्कार करायचा. सगळ्यांनी होकार दिला, फक्त पंजाबराव नाही म्हणाला. पंजाबराव हा फौजेतला निवृत्त हवालदार. नानाजीच्या वर्गातला, रोज संध्याकाळी नानाजीच्या ओट्यावर चहा पिणारा. सव्वीस जानेवारीची शिट्टी गावात त्याच्याच तोंडात असे. त्या संध्याकाळी तो चहाला आला आणि बशी खाली ठेवून म्हणाला, "नानाजी, राग येऊ देऊ नको. पण तुहा पोरगा फौजी नाही."

"मंग कोण हाय?"

"तेलवाला हाय. वर्दी नाही, बंदूक नाही, सॅल्यूट नाही. मी बर्फात उभा राह्यलो गा! नाकातलं पाणी नाकातच गोठे. अन् हा जहाजात बसून डिझेल वाटते. मंग शेलूबाजारच्या पंपावरच्या पोट्ट्यानं काय पाप केलं? त्यालेबी शाल द्या, नारळ द्या!"

नानाजी उठून उभा राहिला. उभा राहिल्यावर काय करायचं ते त्याला सुचलं नाही, म्हणून त्यानं पंजाबरावची बशी उचलून घरात नेली. आता हे दोघं बोलणं टाकतात की काय, असं दारातल्या रंगूबाईला वाटलं. तेवढ्यात गणेश पेरू खात बाहेर आला आणि हसला.

"बाबा, काका बरोबर बोलून राह्यले. आमी फौजी नाही. आमाले कोणी सॅल्यूट नाही मारत."

रंगूबाईला पंजाबरावचं बोलणं लागलं नव्हतं, हे हसणं लागलं. आपल्याच पोरानं आपली किंमत अशी पेरू खात खात कमी करावी?

"पण काका, एक फरक हाय," गणेश म्हणाला. "तो पंपावरचा पोट्टा उभ्या गाडीत तेल भरते. आमी चालत्या जहाजातून चालत्या जहाजात भरतो."

"चालत्या?"

"दोन्ही जहाजं बाजू-बाजूनं धावत असतात. मधात पाणी उसळते. त्याच्यावरून दोरी जाते, दोरीवरून पाइप जाते."

"कायले? थांबाले काय होते?"

"लढाईत थांबलं जहाज म्हणजे आयता निशाणा. अन् भर समुद्रात थांबलं तं लाटा त्याले लेकराच्या पायन्यावानी हालवतात. पाइप तुटते, माणूस पडते. म्हणून चालता चालताच भराचं."

पंजाबरावनं मिशीवरून हात फिरवला. "फेकू नको बे. चालत्या ट्रॅक्टरातून चालत्या ट्रॅक्टरात डिझेल भरून दाखव, मंग मानतो."

गणेश पुन्हा हसून विषय सोडून देणार, इतक्यात दारातून आवाज आला. "भरन तो! उद्याच भरन! उकंडरावच्या वावरात!"

"माय!" गणेश दचकला. "मी कुठं म्हणलो..."

"तू गप राह्य. तू बोलतं तवा नुसकान करतं."

उकंडरावचं वावर निवडण्याचं कारण एवढंच की सोयाबीन निघाल्यापासून ते मोकळं पडलेलं होतं, आणि लांबच लांब, सपाट होतं. उकंडराव नाही म्हणाला नसता, कारण कोणालाही नाही म्हणणं त्याच्या स्वभावात नव्हतं. पण ट्रॅक्टरही त्याचाच घ्यायचा होता, आणि त्याला नुकताच लाल रंग दिला होता, त्यामुळे उकंडराव रात्रभर बेचैन होता म्हणे.

सकाळी निम्मं गाव धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, येऊन बसलं. लाल ट्रॅक्टरमागे पाण्याचा टँकर जोडला, टँकरवर फवारणीचा मोठा पंप बसवला. हे झालं तेलाचं जहाज. ते उकंडराव चालवणार, आणि टँकरवर गणेश उभा राहणार. दुसरा निळा ट्रॅक्टर पंजाबरावच्या पुतण्याचा, मागे ट्रॉली, ट्रॉलीत रिकामा ड्रम. ही युद्धनौका. ती अर्थातच पंजाबराव चालवणार होता. तो फौजी टोपी घालून आणि छातीवर मेडलं लावून आला. ट्रॉलीत दोरी झेलायला माणूस हवा होता, तर नानाजी कोणी विचारण्याआधीच चढून बसला. काल ज्याच्याशी बोलणं टाकायच्या बेतात होता, त्याच्याच जहाजावर आज तो भरती झाला.

गणेशची बायको वैभवी हिच्याकडे निशाणांचं काम होतं. तिकडे जहाजावर त्यासाठी रंगीत फळ्या असतात. इथं तिनं काठ्यांना दोन ब्लाउजपीस बांधले, एक हिरवा, एक लाल. हिरवा म्हणजे चालू द्या, लाल म्हणजे सोडा.

"काका," गणेशनं वरून सांगितलं, "नियम सोपा हाय. तेलाचं जहाज एका चालीनं सरळ चालते. लढाऊ जहाजानं बाजूले याचं अन् त्याच्या चालीशी चाल मियवाची."

"म्हणजे मी तुह्या चालीनं चालू?"

"हो."

"युद्धनौका मी, अन् चाल तेलवाल्याची?"

"तेल पाह्यजे असन तं," गणेश म्हणाला. धुऱ्यावर हशा पिकला. पंजाबरावची मान ताठ झाली.

पहिल्या खेपेला पंजाबराव शेजारी आला, मागे ट्रॉलीतल्या नानाजीकडे एक नजर टाकली, आणि सरळ पुढे निघून गेला. दुसऱ्या खेपेलाही तेच. "काका, तुमी पाकिस्तानात पोचले!" असं गणेश ओरडल्यावर कुठे त्यानं वेग कमी केला. तिसऱ्या खेपेला दोन्ही ट्रॅक्टर बऱ्यापैकी शेजारी आले. गणेशनं दोरीचं भेंडोळं फेकलं. ते मधेच पडलं आणि उकंडरावच्या मागच्या चाकानं गिळलं. उकंडराव ट्रॅक्टर थांबवून खाली उतरला, चाक सोडून त्यानं आधी रंग पाहिला.

"तिकडं आमच्यापाशी दोरी फेकाची बंदूक असते," गणेश कपाळाचा घाम पुसत म्हणाला. "हातानं इतक्या दूर जात नाही."

पंजाबरावनं कान टवकारले. "बंदूक? तुमाले बंदूक देतात?"

"दोरी फेकाची, काका. गोयीच्या जागी रबराचा दांडा असते, त्याले बारीक दोरी बांधेल असते."

"पण बंदूक तं हाय ना!" पंजाबराव म्हणाला आणि थोडा विचारात पडला.

रंगूबाईला आता धुऱ्यावर बसवेना. पोराचं नाक तिनंच पणाला लावलं होतं. ती उठली आणि शेजारी बसलेल्या मैत्रिणीला, भागिरथाला, म्हणाली, "तुह्या झोपडीतली गोफण आण."

ज्वारीचं वावर राखायला रंगूबाई लहानपणापासून माळ्यावर उभी राहिली होती. तिच्या गोफणीचा आवाज ऐकून पाखरं शेजारच्या वावरात जात, आणि त्यावरून शेजारी भांडायला येत. पण त्याला बरीच वर्षं झाली होती. ज्वारी गेली, सोयाबीन आलं, आणि सोयाबीनला पाखरं राखावी लागत नाहीत. भागिरथानं गोफण आणली. रंगूबाईनं फडक्यात ओली माती बांधून घट्ट पुरचुंडी केली, पुरचुंडीला सुतळीचं टोक बांधलं, लुगड्याचा काष्टा आवळला आणि टँकरवर चढू लागली.

"माय, पडशीन!"

"तू समुद्रात नाही पडला, मी वावरात पडतो काय? सरक तिकडं."

ट्रॅक्टर निघाले. टँकर हिंदकळत होता, पाणी आत डचमळत होतं. रंगूबाईनं एक हात गणेशच्या खांद्यावर टेकला, पाय रोवले, आणि निळा ट्रॅक्टर बरोबरीला आला तसा खांद्यावरचा हात काढून गोफण डोक्यावर फिरवली. एक फेरा, दुसरा फेरा, आणि सोडली. नेम ट्रॉलीवर होता. पुरचुंडी थोडी पुढे गेली आणि पंजाबरावच्या छातीवरच्या मेडलांवर जाऊन फुटली.

"कव्हर!" पंजाबराव ओरडला आणि स्टिअरिंगवर आडवा झाला. पण शाबास त्या हवालदाराची, ट्रॅक्टरची चाल त्यानं सोडली नाही.

"आली! सुतळी आली!" मागे ट्रॉलीवर आडवी पडलेली सुतळी धरून नानाजी नाचू लागला. "वढू काय?"

"वढा बाबा!"

नानाजीनं सुतळी ओढली. सुतळीमागून दोरी गेली, दोरीमागून जाड दोर, आणि त्या दोराला कड्यांनी लटकवलेला पाइप सरकत सरकत हवेतून निघाला. धुऱ्यावरचे लोक उभे राहिले. नानाजीनं दोर ट्रॉलीला बांधला आणि पाइपाचं तोंड ड्रममध्ये खुपसलं. वैभवीनं हिरवा ब्लाउजपीस हलवला, गणेशनं पंप सुरू केला. पाइपानं एकदा अंग झाडलं, नानाजीला गळ्यापर्यंत भिजवलं आणि मग निमूट ड्रममध्ये वाहू लागला. नानाजीनं तोंड न पुसता दोन्ही हातांनी पाइप धरून ठेवला. जानेवारीचा गार वारा होता, पण आपण थंडीनं कुडकुडतो आहोत हे त्याला घरी जाईपर्यंत कळलं नाही.

आणि पंजाबराव? तो आता इकडेतिकडे पाहत नव्हता. मधलं अंतर हातभर वाढलं की स्टिअरिंग जरासं वळवायचा, हातभर घटलं की जरासं सोडायचा. ओठ दुमडलेले, टोपी तिरपी, छातीवर चिखल. "हालू देत नाही! पाह्य गा नानाजी, हालू देत नाही मी!" तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

आणि तेवढ्यात नाल्यातून भागिरथाची म्हैस वर आली. ती वावरात शिरली, आणि जिथून दोन्ही ट्रॅक्टर आता जाणार त्या नेमक्या जागी येऊन उभी राहिली. भागिरथा "हाड! हाड!" करत धावली. वैभवीनं लाल ब्लाउजपीस इतक्या जोरात हलवला की तो काठीवरून उडून गेला.

"पंप बंद! बाबा, पाइप सोडा! काका, तुमी डावीकडं! उकंडराव, सरळच राहा!"

आवाज गणेशचा होता, पण रंगूबाईला तो क्षणभर ओळखू आला नाही. त्यात हसू नव्हतं, घाईसुद्धा नव्हती. बोलता बोलताच त्यानं पायाशी ठेवलेली कुऱ्हाड उचलली आणि एका घावात दोर तोडला. पाइप खाली पडला. निळा ट्रॅक्टर डावीकडे वळला, लाल सरळ गेला, आणि म्हैस दोघांच्या मधे रवंथ करत उभी राहिली. उकंडरावनं डोळे मिटून घेतले होते. ते त्यानं बऱ्याच पुढे गेल्यावर उघडले.

धुऱ्यावर टाळ्या पडल्या, शिट्ट्या वाजल्या. रंगूबाईनं मात्र वेगळंच पाहिलं. दोर तोडल्यावर गणेशनं म्हशीकडे पाहिलं नाही. त्यानं मान वर करून आकाशाकडे पाहिलं. आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला. आकाशात काहीही नव्हतं, एक घार होती. मग त्यानं हळूच कुऱ्हाड खाली ठेवली आणि पुन्हा रोजचा गणेश झाला.

लोक पांगले, कोणी म्हशीचं कौतुक करू लागले. रंगूबाई पोराला घेऊन बाभळीखाली बसली. वैभवीनं भाकरी-ठेच्याची शिदोरी सोडली.

"तू वर काय पाहून राह्यला होता?"

"कुठं वर?"

"मले उल्लू नको बनवू. दोर तोडला अन् वर पाह्यलं तुनं."

गणेशनं भाकरीचा तुकडा मोडला, तो ठेच्यात बुडवला, आणि तसाच हातात धरून बसला. मग म्हणाला, "एकदा खरं झालं होतं, माय. पाइप लावेल होता, तेल चालू होतं. अन् भोंगा वाजला. आकाशातून ड्रोन येऊन राह्यलं होतं. युद्धनौकेले आमच्यापासून सुटाले पाह्यजे, तवाच ती वळन अन् तोफ चालवन. सगळं सोडलं, पण एक कडी अटकली. तिले हातोडा मारावा लागला."

"कोणी मारला?"

"मीच मारला. सारंगचं कामच हाय ते. कडी सुटली, जहाज गेलं फर्र करून. अन् आमी तथीच. पोटभर तेल घेऊन कुठं पयता? त्या म्हशीवानी उभे."

"मंग?"

"मंग त्याइनं पाडलं ना ते. दूर पाण्यात पडलं. अन् थोड्या वेळानं ते जहाज परत आलं."

"कायले?"

"राह्यलेलं तेल घ्याले. आमी पुन्हा पाइप लावला."

रंगूबाई त्याच्याकडे बघत राहिली. "तुले भेव नाही लागलं?"

"लागलं ना! पाय लटलट कापून राह्यले होते. पोट्ट्याइनं पाह्यलं. मी म्हणलो, इंजिनानं हालून राह्यले."

त्याला हसू आलं, आणि या वेळी तिलाही आलं. हसता हसताच तिनं त्याच्या पाठीत इतक्या जोरात धपाटा घातला की त्याच्या हातातला तुकडा खाली पडला. मग तिला काहीतरी सुचलं आणि तिनं मान वळवली.

"वैभवी, तुले मालूम होतं?"

वैभवी ठेच्याची वाटी उगाच झाकू लागली. "हो."

"पाह्य बरं! माही सून, अन् एवढा समुद्र पोटात घेऊन माह्याच घरात फिरते!"

"तुमी टीव्हीवाल्याशी भांडून राह्यल्या होत्या, आई. त्यात हे कुठी सांगू?"

यावर रंगूबाईनं ठेचा तिखट झाल्याची तक्रार केली.

बाभळीच्या पलीकडे पंजाबराव छातीवरचा चिखल झटकत उभा होता, आणि त्यानं सगळं ऐकलं होतं. तो पुढे आला. "गणेश, मेडल भेटलं काय?"

"आमाले नाही भेटत, काका. आमी कंपनीचे."

"अन् त्या जहाजावरच्या लोकाइले?"

"भेटलं असन. भेटालेच पाह्यजे. नेम त्याइचा होता."

"अन् कडीले हातोडा कोणी मारला?"

गणेश खाली पडलेला भाकरीचा तुकडा उचलून झटकू लागला. पंजाबरावचा चेहरा लाल होत गेला. रंगूबाईला वाटलं, आता हा सॅल्यूट मारतो की काय. पण तो सरळ ओल्या नानाजीवर घसरला. "नानाजी! हे काय चालू हाय? तुह्या पोराले मेडल नाही, वर्दी नाही, अन् तू बाप असून ओट्यावर चहा पेऊन राह्यला? सत्कार झालाच पाह्यजे!"

"अबे, तूच तं म्हणे तेलवाला हाय!"

"तेलवालाच हाय! म्हणूनच म्हणून राह्यलो ना!"

आता नवीनच गोंधळ झाला. पंजाबरावला सत्कार हवा आणि गणेशला नको. नानाजीला हवा होता, पण पंजाबरावला हवा म्हटल्यावर त्याला लगेच हो म्हणवेना. संध्याकाळपर्यंत हा वाद चालला आणि शेवटी रंगूबाईनं निकाल दिला. शाल नको, नारळ नको. पंजाबराव दरवर्षी माजी सैनिकांची रांग लावतो, त्या रांगेत गणेशनं उभं राहायचं, बस्स.

ती रांग म्हणजे दोनच माणसं. एक पंजाबराव स्वतः आणि दुसरा तांड्यावरचा रतनसिंग. रतनसिंग फौजेत ड्रायव्हर होता, तो बोलायचा कमी. सव्वीस तारखेला पंजाबरावनं गणेशला दोघांच्या मधे उभं केलं, तर रतनसिंग खालच्या आवाजात म्हणाला, "मीबी तं रसदचीच गाडी चालवली भाऊ. पहाडात वर पीठ अन् राकेल नेत होतो. तुहं जहाज, माहा ट्रक, इतकाच फरक." पंजाबरावनं हे ऐकलं. बर्फात ज्या चुलीवर त्यानं हात शेकले, तिच्यात कोणीतरी आणलेलं राकेल होतं, हे त्याच्या डोक्यात तेव्हा पहिल्यांदा आलं असावं, कारण त्या दिवशी शिट्टी वाजवायला त्याला जरा उशीर झाला.

सरपंचांनी भाषणात गणेशचा उल्लेख "समुद्रात पेट्रोल पंप चालवणारे आपले सुपुत्र" असा केला. पंजाबराव रांगेतून, सावधानमध्ये उभा राहूनच, ओरडला, "चालता पंप! चालता म्हणा!" सरपंचांना ते पुन्हा म्हणावं लागलं. गणेश लाजून पायांकडे पाहत होता. रंगूबाई बायकांमध्ये बसली होती. शेजारणीनं विचारलं, तर तिनं या वेळी अडखळत न बसता सांगितलं, की त्याचं जहाज गेलं नाही तर लढणाऱ्यांच्या जहाजांना लढाई सोडून परत यावं लागतं, आणि दोरी फेकायचं काम फार अवघड असतं.

फेब्रुवारीत गणेश निघाला. शेलूबाजारला त्याला जीप पकडायची होती. नानाजी, रंगूबाई, वैभवी पोचवायला गेले, आणि पंजाबराव, त्याला कोणी बोलावलं नव्हतं तरी, टोपी घालून हजर होता.

"लढाई संपली ना पण?" रंगूबाईनं विचारलं. "टीव्हीवर आता दाखवत नाहीत."

"टीव्हीवरची संपली, माय. जहाजं अजून तथीच उभी हायत. त्याइले जेवाले लागते ना."

"मंग जा," ती म्हणाली. "पण कडीले तेल लावत जा. अटकते म्हणजे काय? तेलाच्या जहाजावर कडी अटकते!"

गणेश हसला, पाया पडला आणि जीपमध्ये मागे अंग कोंबून बसला. जीप गेली. वैभवी मंगरूळपीरला माहेरी जाणार होती, तिची बस लगेच आली. मागे हे तिघं उरले. पंजाबरावनं गरम भजी घेतली आणि तिघं टपरीच्या बाकावर बसले, दोन्ही कडेला पुरुष आणि मधे रंगूबाई.

"एक सांगू?" पंजाबराव म्हणाला. "त्या दिवशी मले डावीकडं जा म्हणे. खरं पाह्यलं तं उजवीकडं जागा जास्त होती."

"उजवीकडं टँकर होता बे!"

"टँकरच्या मागून रे!"

"मागून? म्हणजे पाइप कुठी घेऊन जाशीन, मंगरूळपीरले?"

"वहिनी, तुमी सांगा. तुमी वर होत्या, तुमाले सगळं दिसत होतं."

"मले भजे खाऊ द्या," रंगूबाई म्हणाली.

दोघं तिच्या डोक्यावरून वाद घालत राहिले. बोटांनी हवेत ट्रॅक्टर वळवत होते, म्हैस उभी करत होते, आणि मधून मधून दोघंही, वाद न थांबवता, तिच्या पुढ्यातल्या कागदावरचं एकेक भजं उचलत होते. तिनं कागद जरासा सरकवून दोघांच्या मधोमध ठेवला आणि टपरीवाल्याला आणखी मिरच्या मागितल्या.